चारचा सुटला

बंदरात सगळंच सुटतं. पाळी सुटते, जहाज सुटतं, दुपारनंतर वारा सुटतो, बांधलेले दोर सुटतात, आणि कंट्रोल रूममध्ये खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांची पोटंही सुटतात. एकच शब्द दिवसभर धक्क्यावर हमालासारखा राबत असतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. कशाला बघतील? कोण काय म्हणतंय ते सगळ्यांना कळतंच की. वर्षानुवर्षं कळत असतं. आणि मग एका दुपारी कळत नाही.

ही गोष्ट त्या बंदराच्या सुरक्षाप्रमुख बाईंची. तोंडावर त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत आणि पाठीमागे हेल्मेटबाई. सुरक्षा म्हणजे नेमकी कुठली, चोर पकडायची की डोकी वाचवायची, असा प्रश्न नव्या माणसाला पडायचा. दोन्ही, बाबांनो, दोन्ही. एकाच खुर्चीवर दोन कामं बसवली होती. गेटमधून कुठला ट्रक कुणाच्या पासवर आत आला, कुंपणाची जाळी कुणी कापली, तांब्याची केबल कुठे गडप झाली, हे बाईंनीच बघायचं. धक्क्यावर कोण चपला घालून हिंडतोय, टांगलेल्या कंटेनरखालून कोण मधली वाट काढतोय, हेही बाईंनीच. आणि वादळ आलं की तेही त्यांच्याच गळ्यात.

वादळाच्या दिवशी काम एकच, पण जीव खाणारं. धक्क्यावर रुळांवरून सरकणाऱ्या चार मोठ्या क्रेन होत्या. कंटेनर उचलणाऱ्या, इमारतीएवढ्या उंच. वारा वाढायच्या आत प्रत्येक क्रेन तिच्या ठरलेल्या जागी आणायची आणि जमिनीतल्या लोखंडी कडीला जाड तारदोरानं जखडायची. त्या तारदोराला धक्क्यावर सगळे कासरा म्हणत. कुणीतरी कधीतरी गमतीनं म्हटलं असेल, बैल बांधला रे, आणि नाव पडलं ते पडलं. कासरा पक्का झाला की क्रेन चालवणारा वरच्या केबिनमधून लिफ्टनं खाली यायचा. सगळे खाली आले की कंट्रोल रूममधून बाई धक्क्याची वीज तोडायला सांगायच्या. तार तुटून कुणाला झटका बसायला नको, आग लागायला नको.

क्रेनवाल्यांना वॉकीटॉकीवर कोणी नावानं हाक मारत नसे. एकचा, दोनचा, तीनचा, चारचा. चारचा म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ.

इतकी वर्षं तो चार नंबरवर होता की घरीसुद्धा आई त्याला त्याच नावानं चिडवायची. "आला का गं चारचा?" असं ती स्वयंपाकघरातून विचारायची, आणि तो जिन्यातूनच ओरडायचा, "आला, आला, वाढ लवकर!" घरात माणसं तीनच. आई, ताई आणि हा. दारात त्याचे चिखलाचे बूट आडवे पडलेले असायचे आणि ताई रोज त्यांना अडखळून रोज तेच बोलायची.

"अपघात घरात होणार आहे एक दिवस. या बुटांनी."

"मग तपासणी कर ना. पट्टे मार पिवळे जमिनीवर."

"मेल्या, उचल ते."

"मॅडम, आधी लेखी नोटीस द्या."

असं त्यांचं चालायचं. बंदरात मात्र ताई त्याच्याकडे मान वर करून बघतही नसे. बहिणीच्या वशिल्यानं वर चढला, असं कुणी म्हटलं तर? तो तर वशिल्यानं चढला नव्हता, हातात कसब होतं त्याच्या. पण लोकांच्या तोंडाला कुठे कासरा बांधता येतो? म्हणून बाईंनी स्वतःवरच बांधून घेतला होता. इतर कुणाला चूक माफ केली असेल एखादवेळी, भावाला कधीच नाही. एकदा हेल्मेटचा पट्टा सुटा दिसला म्हणून त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. तो घरी येऊन हसत सुटला, आणि बाईंना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वादळाच्या दिवशी सकाळी दोघं घरातून निघताना आई म्हणाली, "वादळ येतंय म्हणे. त्याला लवकर उतरव गं."

"आई, तिथे मी त्याची ताई नसते."

"मग कोण असतेस?"

"हेल्मेट असते ती," भाऊ बूट चढवत म्हणाला. "नुसतं हेल्मेट. आत कोणी नसतं."

आई हसली. बाईंनाही हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. का दाबलं कुणास ठाऊक. हसायला काय हरकत होती?

सकाळच्या बैठकीत कुठली क्रेन कधी बांधायची ते ठरत होतं. चार नंबर बंदराच्या तोंडाशी उभी. समुद्रावरून येणारा वारा पहिला तिलाच भिडायचा, तेव्हा तीच आधी बांधायची हे साधं गणित. हे न कळायला बाई काही काल कामाला लागल्या नव्हत्या. त्यांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात धक्क्याचे मॅनेजर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "सुरुवात चारपासून असेल ना, मॅडम? नाही म्हणजे, बंधुराज आहेत वर. साहजिकच आहे."

दोघेतिघे फिसकन हसले. मॅनेजरही हसले. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"चार शेवटी," त्या म्हणाल्या. "एक, दोन, तीन, मग चार."

दोरांच्या टोळीचा मुकादम दाराशी उभा होता. घोगऱ्या आवाजाचा, पांढऱ्या मिश्यांचा, बंदरात केस पिकवलेला माणूस. त्यानं बाईंकडे बघितलं. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण तोही बोलला नाही. सगळ्यांसमोर बाईंना टोकायचं कसं? बैठक संपली. वीतभर अहंकारापायी घेतलेला निर्णय, आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. शेवटचं जहाज सकाळीच समुद्रात गेलं होतं. ट्रक बाहेर काढले, रिकामे कंटेनर एकमेकांना बांधले, गेटवर पहारा वाढवला, कारण मागच्या वादळात सगळे डोकी लपवून बसले असताना चोरांनी कुंपणाची बाजू अख्खी मोकळी केली होती. बाई कंट्रोल रूममध्ये काचेपाशी उभ्या होत्या. आकाश मळलेल्या चादरीसारखं खाली आलं होतं. भिंतीवरच्या यंत्रात वाऱ्याचा आकडा चढत होता, उतरत होता, पुन्हा जास्त चढत होता.

वॉकीटॉकीवर मुकादमाचा आवाज आला, "एकचा सुटला."

"बरं," बाई म्हणाल्या. एक नंबरचा माणूस उतरून घरी निघाला.

थोड्या वेळानं, "दोनचा सुटला."

"बरं."

तीनला वेळ लागला. वाऱ्यानं आता काचा थडथडायला लागल्या होत्या आणि तीन नंबरचा कासरा कडीत बसेना. बाईंचा जीव टांगणीला लागला होता. तीनसाठी नाही, खोटं कशाला बोला. तीनच्या पलीकडे, धुरकट पावसात, चारच्या केबिनमधला पिवळा दिवा त्यांना दिसत होता. एकदा विचारावं, तो कसा आहे रे वर? बटणावर अंगठा ठेवला आणि काढला. सगळे ऐकतील. मॅनेजर तर मागेच चहा पीत बसलाय.

"तीनचा सुटला."

"बरं. लवकर करा आता."

मग पाऊस असा कोसळला की चारचा दिवाही दिसेनासा झाला. वॉकीटॉकी नुसता खरखरत होता. बाई उभ्याच होत्या. पायाला मुंग्या आल्या तरी बसल्या नाहीत. आणि त्या खरखरीतून मुकादमाचा आवाज आला, अर्धा वाऱ्यानं खाल्लेला.

"बाई! चारचा सुटला!"

सुटला! बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. आवाज घाईचा होता, पण अशा वाऱ्यात कुणाचा नसणार? त्यांना वाटलं, धावत असतील सगळे आडोशाला. उतरला माझा भाऊ. आता आईला फोन करते. डोळ्यांत पाणी आलं ते मॅनेजरला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड काचेकडे केलं आणि पलीकडच्या खोलीतल्या वीजवाल्याला सांगितलं, "झाले सगळे खाली. तोडा वीज."

वीजवाल्यानं खटका ओढला. धक्क्यावरचे उरलेसुरले दिवे गेले.

"बाई, वीज का तोडली?" मुकादम किंचाळत होता. "वीज द्या! वीज द्या! वर आहे तो!"

"कोण वर आहे?"

"चारचा!"

"चारचा सुटला म्हणालात ना!"

"कासरा सुटला, बाई! कासरा!"

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगितलं पाहिजे. कडीतून निसटलेला कासरा जमिनीवर आपटत होता. क्रेन मोकळी होती आणि तिच्यामागे सगळा समुद्र लागला होता. वीज असती तर वर बसलेल्या माणसानं तिला वाऱ्याच्या उलट रेटून धरली असती; ते त्याला येत होतं, इतरांपेक्षा चांगलं येत होतं. मुकादमाला तेवढाच वेळ हवा होता, कासरा पुन्हा अडकवायला. पण केबिनमध्ये अंधार झाला, हातातली कळ मेली, लिफ्टही मेली. नुसत्या ब्रेकवर ती धिप्पाड क्रेन ओल्या रुळांवरून घसरायला लागली. तो केबिनमधून बाहेर पडला आणि लोखंडी जिन्यानं उतरू लागला. अर्ध्यात होता. वीजवाल्यानं खटका परत वर केला, पण सगळी यंत्रं जागी व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात चार जाऊन तीनवर धडकली. तो आवाज कंट्रोल रूमच्या बंद काचांतून आत आला. भाऊ जिन्यावरून उडून खालच्या चौथऱ्यावर डोक्यावर पडला. हेल्मेट होतं. पट्टा घट्ट होता. म्हणून तर जागच्या जागी गेला नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बाई वादळात तशाच धावत सुटल्या. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर काही नव्हतं.

चौकशी झाली. बाहेरून माणसं आली, लांब टेबलामागे बसली. त्यांनी मुकादमाला विचारलं, "तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

"चारचा सुटला म्हणालो, साहेब."

"म्हणजे काय सुटला?"

"कासरा, साहेब. कडीतून निसटला, मग दुसरं काय म्हणणार?"

"मॅडम, तुम्हाला काय वाटलं?"

"माणूस," बाई म्हणाल्या.

त्याआधी तीनदा माणूसच सुटला होता ना. चौथ्यांदा कासरा सुटेल हे कुणाच्या डोक्यात येणार? टेबलामागच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. संदेश संदिग्ध होता, असा निष्कर्ष निघाला. कुणालाच दोष लागला नाही. चार नंबर शेवटी का ठेवली, हे तर कुणी विचारलंच नाही. बाई वाट बघत बसल्या होत्या, विचारा, विचारा एकदाचं. मॅनेजर समोर बसला होता, नखं बघत. त्यालाही कुणी काही विचारलं नाही. बाईंनी आपण होऊन सांगितलं तेव्हा अध्यक्ष मायेनं म्हणाले, "स्वतःला त्रास करून घेऊ नका, मॅडम. क्रम कुठलाही असू शकतो." एवढ्या मायेनं बोलले की बाईंना ओरडावंसं वाटलं.

मुकादम एकदा हॉस्पिटलमध्ये आला. खाटेपाशी उभा राहिला, मिश्या चावत. भाऊ डोळे अर्धे उघडे ठेवून पडलेला, नळ्या नाकात, नळ्या हातात. बोलत नव्हता. ओळखतो की नाही, कुणाला सांगता येत नव्हतं.

"एक शब्द जास्त बोललो असतो तर," मुकादम म्हणाला.

"मी एक प्रश्न जास्त विचारला असता तर," बाई म्हणाल्या.

आईनं मुकादमाला पाणी दिलं. तिनं कुणालाच कधी काही म्हटलं नाही, आणि बाईंना तेच सोसवत नव्हतं. ही एकदा तरी मला बोल लावेल, एकदा तरी म्हणेल की तुला सांगितलं होतं ना लवकर उतरव. पण आई नुसती त्याचे पाय चोळत बसायची. "गार पडतात गं," म्हणायची.

कामावर परतल्यावर बाईंनी नवा नियम काढला. वॉकीटॉकीवर अर्धं वाक्य बोलायचं नाही. कोण, काय, कुठे, सगळं म्हणायचं. ऐकणाऱ्यानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि बोलणाऱ्यानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय हातही हलवायचा नाही. आणि 'सुटला' हा शब्द बंद. धक्क्यावर हसं झालं. टोळीतला एक वात्रट मुद्दाम सांगायचा, "बाई, मी, दोन नंबरच्या टोळीतला माणूस, दोन नंबरच्या शेडमागे, लघवीला जातोय." बाई शांतपणे परत म्हणायच्या, "तुम्ही, दोन नंबरच्या टोळीतला माणूस, दोन नंबरच्या शेडमागे, लघवीला जाताय." सगळा धक्का खिदळायचा, आणि तो वात्रट ओशाळून 'बरोबर' म्हणायचा. हळूहळू हसणं थांबलं. सवय झाली. पाळी संपली म्हणायचे, जहाज निघालं म्हणायचे, वारा वाढला म्हणायचे. एक शब्द बंदरातून हद्दपार झाला.

भावात थोडा फरक पडला होता. एकदा बाईंनी त्याच्या हातात बोट दिलं तर त्यानं ते दाबलं. दाबलं म्हणजे दाबलंच. बाई नर्सला बोलवायला धावल्या आणि नर्स येईपर्यंत तो झोपला. पण मग डॉक्टरच म्हणाले, आता इथे आम्ही वेगळं काही करत नाही, घरी नेलंत तरी चालेल, आठवडाभरात सोडू. आईच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. तिनं शेजाऱ्यांना हाताशी धरून घरातली खाट खिडकीपाशी ओढून घेतली. चादरी धुतल्या. हॉस्पिटलनं परत दिलेले त्याचे बूट त्या दिवसापासून दारात तसेच पडले होते, ते पुसून जागच्या जागी ठेवले.

"राहू दे तिथेच," बाई म्हणाल्या. "मी बघून चालेन."

आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या वादळाचा इशारा आला.

या खेपेला बैठकीत कुणी फिसकन हसलं नाही. "चार आधी," बाईंनी सांगितलं. चार दुरुस्त होऊन पुन्हा तोंडाशी उभी होती. तिच्यावर नवा माणूस होता, लग्न होऊन फार दिवस न झालेला, थोडा घाबरट. मॅनेजरनं नुसती मान हलवली. दुपारच्या आतच चार जागेवर आली. बाई पुन्हा त्याच काचेपाशी उभ्या होत्या. वाऱ्याचा आकडा वर-खाली होत होता, पण अजून वेळ होता, भरपूर वेळ होता. या वेळी सगळं नीट होणार होतं.

फोन वाजला. हॉस्पिटलमधून आई.

"सुटला गं," आई म्हणाली.

आवाज सपाट, दमलेला. आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी बाईंना आनंद झाला. आठवडाभरात सोडू म्हणाले होते ना डॉक्टर? घरी सोडलं. आज, या वादळात कसं नेणार, गाडी कुठली बघायची, हे सगळं एका दमात डोक्यात येऊन गेलं. तोंडापर्यंत आलं होतं, मी गाडी पाठवते. पण बटणावरून अंगठा उचलतात तसं त्यांनी स्वतःला थांबवलं.

"आई, पूर्ण सांग."

"काय पूर्ण सांगू?"

"असं अर्धं नको. कोण, काय झालं, सगळं म्हण."

"अगं, काय म्हणायला लावतेस मला..."

"म्हण, आई. तू म्हटल्याशिवाय मला कळणार नाही."

कळलं होतं. आईच्या श्वासावरूनच कळलं होतं. पण मागे एकदा कळलं असं वाटलं होतं, त्याचं काय झालं?

"माझा मुलगा गेला," आई म्हणाली. "तुझा भाऊ गेला. आत्ता. मी पाय चोळत होते."

बाईंनी डोळे मिटले. "माझा भाऊ गेला," त्या म्हणाल्या. "आत्ता. तू पाय चोळत होतीस."

"हो," आई म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

"येते मी. हे लोक खाली आले की येते." एवढंच बाईंना बोलता आलं. फोन ठेवला. खोलीत कुणाला काही समजलं नव्हतं. मॅनेजर चहाचा कप हातात धरून यंत्राकडे बघत होता. आता रडायला बसले तर वरची चार माणसं कोण उतरवणार? आणि रडू येतही नव्हतं.

वॉकीटॉकी खरखरला. मुकादम.

"बाई, चार नंबरच्या क्रेनचा कासरा कडीत पक्का बसला. चार नंबरचा माणूस जमिनीवर उतरला. माझ्यापुढे उभा आहे."

बाईंनी बटण दाबलं. परत म्हणायचं होतं. नियम त्यांचाच.

"कासरा पक्का बसला," त्या म्हणाल्या. "चार नंबरचा माणूस गेला."

"गेला नाही, बाई. उतरला. इथे माझ्यापुढे उभा आहे. परत म्हणा."

"मुकादम," बाई म्हणाल्या, "चारचा माणूस गेला. आईचा फोन होता."

मागे मॅनेजरच्या हातातला कप टेबलावर टेकल्याचा आवाज झाला. वॉकीटॉकीवर बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. सगळ्या धक्क्यानं ऐकलं होतं, एकच्यानं, दोनच्यानं, तीनच्यानं.

"ऐकलं, बाई," मुकादमाचा घोगरा आवाज आला. त्यानं घसा खाकरला. "चारचा माणूस गेला. ऐकलं." मग म्हणाला, "आता हे दुसरंही म्हणा, बाई. तुमच्या तोंडून आल्याशिवाय मी या पोराला हलू देणार नाही. त्याला घरी जायचंय."

बाईंनी काचेला कपाळ टेकवलं. पलीकडे पावसात चार नंबर जखडून उभी होती, केबिनमधला दिवा विझलेला. तिच्या पायाशी दोन माणसं लहान लहान दिसत होती. त्यांतला एक जण डोक्यावरचं हेल्मेट नीट करत होता.

"चार नंबरचा माणूस जमिनीवर उतरला," बाई म्हणाल्या. प्रत्येक शब्द ओढून काढावा लागला. "तुमच्यापुढे उभा आहे."

"बरोबर," मुकादम म्हणाला.